पर्वणीच्या दिवशीचे नाशिक

गोदावरीच्या दोन्ही तीरांवर वसलेले नाशिक हे नगर मुळात पायी चालणाऱ्यांसाठी घडले. उजव्या तीरावरील जुने गाव टेकड्यांच्या अंगाने चढत गेलेले आहे. तेथील वाड्यांचे सज्जे रस्त्यावर झुकलेले असत आणि गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर पादचाऱ्याने जवळच्या ओट्यावर चढून तिला वाट द्यावी. डाव्या तीरावरील पंचवटीतही काळाराम मंदिराच्या परिसरातून रामकुंडाकडे उतरणाऱ्या वाटा अशाच चिंचोळ्या आहेत. त्या आखल्या गेल्या तेव्हा मोटार हे वाहन जगात कोठेही नव्हते.

लोहमार्गही या गल्ल्यांपर्यंत आला नाही. नाशिकरोडचे स्थानक शहरापासून सुमारे नऊ किलोमीटर दूर राहिले. ते अंतर तोडण्यासाठी इ. स. १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली. चार घोडे जोडलेले तिचे डबे मेन रोडवरील नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून स्थानकापर्यंत ये-जा करीत. पुढे तोट्यामुळे ही ट्राम बंद पडली आणि तिची जागा टांगे, एस. टी. च्या गाड्या व रिक्षा यांनी घेतली. ८ जुलै २०२१ पासून महानगरपालिकेची स्वतःची शहर बससेवा धावू लागली. ट्रामचे रूळ आज दिसत नाहीत. परंतु मोठ्या वाहनाने शहराच्या वेशीपर्यंत यावे आणि पुढील वाट लहान वाहनाने किंवा पायी तुडवावी, ही नाशिकची जुनी रीत आहे.

या रीतीची खरी कसोटी दर बारा वर्षांनी लागते. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. पूर्वी शैव व वैष्णव साधूंमध्ये स्नानाच्या मानावरून तंटे होत. पेशवेकाळात अशा एका मोठ्या तंट्यानंतर शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करावे, अशी विभागणी झाली. गर्दीचे दोन भाग करून त्यांस दोन ठिकाणी नेणे हा व्यवस्थेचा पहिला धडा म्हणावा लागेल, मग त्याचे तात्कालिक कारण भांडण का असेना.

एरव्ही लोकांना मोटारबंदी म्हणजे अधिकाऱ्यांची हौस वाटते. थोडा हिशेब केला म्हणजे तिचे कारण कळते. चार माणसांची एक मोटार उभी करावयाची, तर वळण्यास व दार उघडण्यास लागणारी जागा धरून तिला सुमारे वीस चौरस मीटर भूमी हवी. चाळीस हजार यात्रेकरू मोटारींतून आले, तर दहा हजार मोटारी होतील आणि त्या नुसत्या उभ्या करण्यासाठी वीस हेक्टर जमीन लागेल. तीच माणसे पन्नास आसनांच्या बसमधून आणली तर आठशे फेऱ्या होतात. एका बसने दिवसात दहा फेऱ्या केल्या, तर ऐंशी बसगाड्यांत काम भागते. पर्वणीला येणाऱ्यांची संख्या तर लाखांनी मोजावी लागते.

रस्त्याचा हिशेब याहून कठोर आहे. माणसे एकाच दिशेने चालत असतील, तर एक मीटर रुंदीच्या वाटेवरून मिनिटास फार तर ऐंशीच्या आसपास माणसे पुढे जाऊ शकतात. पाच मीटर रुंदीच्या गल्लीतून मिनिटाला चारशे माणसे जातील. त्या गल्लीच्या कडेला एक मोटार उभी राहिली, की जवळजवळ दोन मीटर रुंदी गेली आणि चारशेंची अडीचशेही उरत नाहीत. मागून मात्र चारशेच येत राहतात. उरलेले कोठे जाणार? ते तेथेच साचतात. एका चौरस मीटरात पाचाहून अधिक माणसे दाटली, म्हणजे कोणीही आपल्या इच्छेने हलू शकत नाही. गर्दी जिकडे लोटेल तिकडे देह जातो, आणि छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. चेंगराचेंगरीत पुष्कळ माणसे पायदळी तुडवली जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या गुदमरून प्राणास मुकतात.

नाशिकने हे दुःख प्रत्यक्ष भोगले आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी, श्रावण अमावास्येच्या पर्वणीला, साधूंची मिरवणूक जाईपर्यंत भाविकांस रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर बांबूंच्या कठड्यांमागे थोपवून धरण्यात आले होते. सरदार चौकाच्या परिसरात लोंढा अनावर झाला आणि ३९ जण मरण पावले. जखमींची संख्या शंभराहून अधिक होती. त्या रस्त्यावर मोटारी नव्हत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. वाहने दूर ठेवली म्हणजे सर्व साधले असे नाही. पायी चालणाऱ्यांस येण्याची एक वाट आणि जाण्याची दुसरी वाट मिळाली पाहिजे, आणि कोठेही त्यांचा ओघ कोंडता कामा नये.

म्हणून २०१५ च्या सिंहस्थासाठी निराळी योजना आखण्यात आली. साधूंच्या मिरवणुकीचा मार्ग बदलला. नदीकाठी नवे घाट बांधण्यात आले आणि रेल्वेने नाशिकरोडला उतरणाऱ्यांनी रामकुंडाकडे न येता जवळच्या दसक घाटावर स्नान करावे, असे ठरले. रस्त्याने येणाऱ्यांच्या मोटारी राजूर बहुला, माडसांगवी, खंबाळे यांसारख्या गावांजवळच्या बाह्य वाहनतळांवर थांबवाव्यात, तेथून एस. टी. च्या बसने अंतर्गत वाहनतळापर्यंत यावे व पुढे पायी चालावे, अशी ती रचना होती. शहराच्या आतील भागात पर्वणीच्या दिवशी खासगी वाहनांना बंदी होती.

पहिली पर्वणी २९ ऑगस्ट २०१५ रोजी आली. कागदावर योजना निर्दोष होती. परंतु त्या दिवशी राखीपौर्णिमाही होती. भाऊ सिडकोत आणि बहीण पंचवटीत, असे घर नाशिकात शोधावे लागत नाही. रस्तोरस्ती अडथळे उभे राहिल्याने नगरवासीयांस एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणे कठीण झाले. बाहेरून आलेल्या वृद्धांस कित्येक किलोमीटर चालावे लागले. या कडेकोट बंदोबस्ताची वार्ता आधीच पसरल्यामुळे पुष्कळांनी यात्रेचा बेतच सोडला, आणि अपेक्षेच्या मानाने भाविक फारच थोडे आले. दुर्घटना घडली नाही हे खरे. तथापि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच दाराबाहेर ठेवल्यासारखे झाले. चोहोकडून टीका झाली.

प्रशासनाने हट्ट धरला नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीपूर्वी अनेक अडथळे काढण्यात आले आणि चालण्याचे अंतर कमी करण्यात आले. त्या दिवशी गोदातीरी प्रचंड जनसमुदाय लोटला, तरीही तो सुखरूप परतला. तिसरी पर्वणी १८ सप्टेंबरला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी होती. घरोघरी गणपती बसलेले असतानाच नाशिककरांनी तीही पार पाडली.

याच सिंहस्थात एका लहानशा साधनाची परीक्षा झाली. नाशिकच्या एका शाळकरी मुलाने आपल्या सहकाऱ्यांसह एक चटई तयार केली होती. तिच्यावर पाऊल पडले की आतील संवेदकांवर दाब येई आणि त्यावरून किती माणसे गेली, याची गणना आपोआप होई. पहिल्या नमुन्यातील नाजूक भाग पायांखाली टिकेनात, तेव्हा त्याने जाड व लवचिक सामग्री वापरून तिची घडण बदलली. तिचे नाव ‘आशिओतो’. जपानी भाषेत त्याचा अर्थ पावलांचा आवाज असा आहे. अरुंद वाटेच्या तोंडाशी अशी चटई अंथरली, म्हणजे मिनिटास किती माणसे आत शिरत आहेत हे अधिकाऱ्यांस दूर बसून कळते आणि गर्दी दाटण्यापूर्वीच मागचा ओघ दुसऱ्या वाटेने वळवता येतो. जो कठडा तीन किलोमीटर दूर आणि दिवसभर उभा ठेवावा लागे, तो मग गरज असेल तेथेच आणि गरज असेल तेवढाच वेळ उभा करता येतो.

पुढील सिंहस्थातील पहिल्या अमृतस्नानासाठी २ ऑगस्ट २०२७ हा दिवस जाहीर झाला. २०१५ नंतरच्या काळात शहर चोहोबाजूंनी वाढले आहे आणि घरोघरी वाहनांची भर पडली आहे. रामकुंडाकडे उतरणाऱ्या जुन्या गल्ल्यांची रुंदी मात्र मीटरांतच मोजावी लागते.