रेम्ब्राँटच्या छायेंत एक आत्मचित्र

डच चित्रकार रेम्ब्राँट (१६०६–१६६९) यानें आपल्या हयातींत स्वतःचीं सुमारें ८० चित्रें काढिलीं. कांहीं तैलरंगांत, कांहीं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलीं, थोडीं साधीं रेखाटनें. इतक्या वेळां आपलेंच तोंड रंगविणारा मनुष्य रूपगर्विष्ठ असावा, असा तर्क कोणीही करील. परंतु १६३० सालच्या एका इवल्याशा छापचित्रांत तो डोळे वटारून व ओठ विलग करून आपणांकडे पाहतो. आणि १६५६ मध्यें दिवाळें निघाल्यानंतरच्या चित्रांत सैल पडलेले गाल, जाड नाक यांपैकीं कांहींच झांकीत नाहीं. आम्हांस तर यांत व्यवहारही दिसतो. न थकणारा, मोबदला न मागणारा आणि हवें तसें तोंड करून दाखविणारा मनुष्य आरशाखेरीज कोठें मिळणार?

थोर चित्रकाराचें अनुकरण करण्यांत कमीपणा मानणाऱ्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. पन्नाशीच्या सुमारास रेम्ब्राँटनें स्वतः मोगल लघुचित्रांवरून रेखाटनें केलीं. त्यांपैकीं वीसांहून अधिक आजही उपलब्ध आहेत. त्या वयाच्या उस्तादास जें शोभलें, तें विद्यार्थ्यास कां शोभूं नये?

आम्हीं आदर्श म्हणून निवडलें तें ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयांतील १६२८ च्या सुमाराचें आत्मचित्र. तें वहीच्या पानाएवढेंच आहे. उजेड मान, कान व एक गाल एवढ्यांवरच पडला असून डोळे सावलींत बुडाले आहेत.

अशा चित्रासाठीं खोलीची एकच खिडकी उघडी ठेवावी. उजेड खांद्यामागून तिरपा येईल असा आरसा मांडावा. मग कोळशाची भुकटी फडक्यानें कागदावर सर्वत्र सारखी घासावी, म्हणजे कागद करडा होतो. आतां नाकडोळे आंखावयाचे नाहींत! डोळे अर्धवट मिटून आरशाकडे पाहावें. बारीकसारीक सारें नाहींसें होऊन काळोखाचा एक मोठा आकार व उजेडाचे दोनतीन तुकडे एवढेंच उरतें. ते तुकडे पावाच्या मऊ गोळीनें कोळसा टिपून उघडे करावे. चेहरा हळूहळू अंधारांतून वर येतो. केंसांच्या बटा रेम्ब्राँटनें ओल्या रंगांत कुंचल्याच्या दांड्यानें ओरखडून काढिल्या आहेत. आम्हीं तें काम गोळीला टोंक काढून भागविलें.

खरी कसोटी डोळ्यांपाशीं लागते. एक बदामी आकार, मध्यें टिंब, वर पापण्या, एवढें हाताला लहानपणापासून पाठ असतें, आणि संधि मिळतांच तो तें लिहून मोकळा होतो. आरशांत मात्र तसें कांहींच नव्हतें; भुंवयांखालीं केवळ दोन गडद खळगे होते. ते तसेच राहूं दिले. चित्र भिंतीला टेकवून ठेविलें असतां एका वर्गबंधूनें विचारलें, "अरे, पण डोळे कोठें आहेत?" त्यास दहा पावलें मागें नेऊन उभें केलें. थोड्या वेळानें तो म्हणाला, "तूंच आहेस खरा. मान अशीच वांकडी धरतोस." साम्याचा पुष्कळसा भाग मस्तकाच्या कलांत व छायेच्या आकारांत असतो तो असा.

रंगांच्या बाबतींत मात्र डच चित्राचें बोट सोडावें लागतें. गोऱ्या गालावर उजेड पसरतो. आमच्या सांवळ्या कातडीवर तो कपाळ, गालाचें हाड व नाकाचा शेंडा येथें चकाकतो आणि बाकीचें तोंड तांबूस राहतें. तेथें पांढरा रंग सढळ हातानें लाविला, तर चेहरा पीठ फांसल्यासारखा दिसूं लागतो. येथें अभ्यासावीं तीं अंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांचीं चित्रें. हे गोमंतकांत सांगें येथें जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले, आणि 'पूर्वेकडील रेम्ब्राँट' म्हणून ओळखले जातात. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीस आहे.

आरशांत उजवा हात डावा दिसतो, ही अडचण रेम्ब्राँटलाही चुकली नाहीं. लंडनच्या केनवुड येथील आत्मचित्र क्ष-किरणांनीं तपासलें, तेव्हां त्यानें कुंचल्याचा हात प्रथम आरशांतल्याप्रमाणें रंगवून मागाहून बदलल्याचें आढळलें. आम्हीं हात चित्राबाहेरच ठेविला.