घड्याळ उंबऱ्यावर लाव

बाळ, नागपूरहून विमान दीड तासाचं, म्हणजे जेवायला किहीमला पोचतेच, असं म्हणालीस. ये गं, वाट बघतेच आहे, पण निघण्याआधी मावशीचं एवढं ऐक.

१. नागपूर-मुंबई हवेतून सुमारे ७०० किलोमीटर, आणि मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून किहीम सरळ रेषेत जेमतेम २२-२३. तरी मुंबईत उतरल्यावर आणखी तीन-साडेतीन तास हाताशी ठेव — पाखराला दिशा पुरते, माणसाला रस्ता हवा.

२. वेळ मोजायची ती घराला कुलूप लावल्यापासून — तिकिटावरचा दीड तास विमान जागेवरून हललं की सुरू होतो, आणि सामान घेणारी खिडकी त्याच्या तासभर आधीच बंद होते.

३. हिवाळ्यात येताना थोडा जास्त वेळ लागला तर घाबरू नकोस — वर वारा पश्चिमेकडून वाहतो. परत जाताना तोच तुला पुढे ढकलतो.

४. तिकीट काढताना विमानतळाचं नाव दोनदा वाच. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईलाही विमानं उतरतात. तिथे उतरलीस तर गेटवेचं नावसुद्धा काढू नकोस, गाडीने पेण, वडखळ, पोयनाड करत ये — तू आधीच खाडीच्या आपल्या बाजूला असतेस, उगाच मुंबईत शिरून पुन्हा पाणी कशाला ओलांडायचं?

५. मुंबईलाच उतरलीस तर गेटवेपर्यंत तासदीड तास धर, आणि विमान सकाळचंच घे. बोट तासाभरात मांडव्याला आणते, पण संध्याकाळच्या शेवटच्या फेरीवर बेत आखू नये — शेवटच्या बोटीच्या मागे बोट नसते.

६. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, गेटवेच्या बोटी बंद. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो सुटते, गाडीसकट माणसं आणते, पण समुद्र खवळला तर तीही थांबते; त्या दिवशीच्या फेऱ्या सकाळीच विचारून घे — रस्त्याने वळसा घालायचा तर मुंबईपासून शंभर किलोमीटर होतात. त्यात गणपतीचे दिवस असले, की वडखळला गाड्यांची रांग संपता संपत नाही.

७. एक सामानाची पेटी आणि एक खांद्यावरची पिशवी, बास. लोणची इथे आहेत — धक्क्यावर चढउतार तुझी तुलाच करायची असते.

८. मांडव्याला उतरलीस की फोटो नंतर, आधी बस गाठ. बोटीच्या तिकिटातच ती असते, अलिबागला जाते. तू चोंढीला उतर — बस बोटीच्या माणसांसाठी थांबते, तुझ्या फोटोंसाठी नाही.

९. फोन बोटीत बसतानाच कर, मांडव्याला पोचून नको — मला चोंढीला रिक्षा सांगून ठेवायला आणि भात टाकायला तेवढा वेळ मिळतो.