दोघांचा कथाखेळ

गोष्ट ऐकण्याची आवड मनुष्यास उपजतच असते. आजी गोष्ट सांगते आणि नातू "हूं" म्हणत ऐकतो. तो "हूं" थांबला म्हणजे मुलास झोंप लागली असें समजून आजीही थांबते. परंतु एखाद्या रात्रीं तो नातू उठून म्हणाला, "मी राजपुत्र असतों तर त्या वाटेनें गेलोंच नसतों," आणि आजीनें विचारिलें, "बरें तर, मग काय केलें असतेंस?", तर त्या क्षणीं गोष्टीचा खेळ झाला असें समजावें. अशा खेळाविषयीं, आणि विशेषतः तो दोघांनींच कसा खेळावा याविषयीं, आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या खेळाचें एक मूळ युद्धशिक्षणांत आहे. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ सालच्या सुमारास राइसवित्झ नांवाच्या अधिकाऱ्याचा नकाशावरील युद्धखेळ प्रचारांत आला. त्यांत दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून परिणाम सांगणारा एक पंच असे. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत पंचाच्या जागीं निवेदक आला, आणि प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजीं एकेका पात्राची भूमिका करूं लागला. सामान्यतः हा खेळ एक निवेदक व चार-पांच खेळाडू असा चालतो. परंतु आमच्या वसई-विरारकडील कितीएक घरांत आईवडील मुंबईहून लोकलनें परततात तेव्हां दिवेलागण केव्हांच होऊन गेलेली असते, आणि मूल बहुधा एकटेंच असतें. अशा घरीं मंडळी जमविणें कठीण. पण एक वडील मनुष्य आणि एक मूल यांस अर्धा तास सांपडणें अशक्य नाहीं.

एक उदाहरण घेऊं. गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ सालीं वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढें चिमाजी आप्पांच्या फौजेनें वेढा घातल्यावर १६ मे १७३९ रोजीं किल्ल्यांतील शिबंदीनें शरणागतीचीं कलमें मान्य केलीं. या वेढ्याच्या अखेरच्या दिवसांत आपलें कथानक ठेवूं. मुलाची भूमिका खाडींतील एका तरुण नावाड्याची. त्याची आई तटाच्या आंत आजारी आहे आणि तिला औषध पोहोंचवावयाचें आहे. हा नावाडी कल्पित आहे. किल्ला, खाडी आणि वेढा खरा आहे.

निवेदक म्हणतो, "अंधार पडला आहे. ओहोटी लागली आहे. पुढें पहाऱ्याच्या होडीवर मशाल दिसते. तूं काय करतोस?"

मुलगा म्हणतो, "वल्हीं आंत घेतों आणि होडी पाण्यावर सोडून देतों."

"आवाज होणार नाहीं खरा, पण ओहोटी तुला समुद्राकडे ओढील. फांसे टाक."

फांशांवर आठ पडतात. "पहारेकऱ्यांस चाहूल लागली नाहीं. पण होडी धक्क्याच्या पुढें वाहून जाऊन चिखलांत रुतली आहे. आतां औषधाची कुपी हातांत धरून चिखल तुडवीत मागें यावें लागेल. काय करतोस?"

येथें फांशांचा हिशेब सांगतों. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं तो ताडून पाहावा. दोन फांसे टाकिले असतां ३६ प्रकारचीं दानें संभवतात. त्यांपैकीं ६ दानांत बेरीज दहा किंवा अधिक येते. तेव्हां मनाजोगें यश द्यावें. १५ दानांत ती सात ते नऊ येते. तेव्हां यश द्यावें, पण त्याची कांहीं किंमत घ्यावी. उरलेल्या १५ दानांत ती सहा किंवा कमी येते. तेव्हां बेत फसतो. मात्र ज्या कामांत खरोखर संशय आहे त्याच कामास फांसे टाकावे. नावाड्यास होडी सोडण्याकरितां फांशांची गरज नाहीं.

चौघांच्या खेळांतून तिघे वजा केले म्हणजे दोघांचा खेळ होतो असें मात्र कोणी समजूं नये. चौघांत एक पडला तर तिघे त्यास उचलतात. एकट्यास उचलणारा कोणी नाहीं. म्हणून बेत फसला तरी नावाड्यास बुडवूं नये. त्याचा वेळ जावा, होडी जावी, किंवा कोणाचा तरी विश्वास जावा, परंतु पुढची वाट उरावी. चौघांपैकीं एकास न सुचलेलें दुसऱ्यास सुचतें. येथें डोकें एकच. म्हणून एखादें गुपित कथेस आवश्यक असेल तर त्याची खूण एकाच ठिकाणीं न ठेवितां तीन ठिकाणीं ठेवावी. त्यास एखादा सोबतीही द्यावा, जसें एखादा म्हातारा कोळी. या सोबत्यास भरती-ओहोटीची माहिती असावी. पण काय करावें हें त्यानें सांगूं नये. शिवाय, खेळणाऱ्याची पाळी संपतच नसल्यामुळें एकटा खेळाडू लवकर थकतो; अर्ध्या-पाऊण तासानें एखाद्या निवडीच्या उंबरठ्यावर खेळ थांबवावा, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत मूल विचार करीत राहतें.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा नियम वडील माणसांकरितां आहे. "तूं काय करतोस?" असें विचारिल्यावर गप्प राहावें. वेताळपंचविशींत वेताळ राजास गोष्ट सांगतो आणि शेवटीं प्रश्न टाकितो. पण त्या प्रश्नाचें योग्य उत्तर ठरलेलें असतें. आपल्या खेळांत तें ठरलेलें असतां कामा नये. वडिलांच्या मनांत एक उत्तर असतें, मूल तें त्यांच्या चेहऱ्यावर वाचतें, आणि त्यांस बरें वाटावें म्हणून तेंच बोलतें. चौघांत हा धोका थोडा, कारण मुलें एकमेकांशीं वाद घालतात. दोघांत तो फार मोठा. मूल "पहारेकऱ्याशीं खोटें बोलतों" म्हणालें तर उपदेश करूं नये. पहारेकऱ्यानें तें खरें मानावें, आणि त्यापायीं दुसऱ्या कोणा निरपराध नावाड्यास धरावें. मग पुन्हा विचारावें, "तूं काय करतोस?" वर्गांत पन्नास मुलांमध्यें जें मूल हात वर करीत नाहीं, त्यास येथें स्वतः ठरवावें लागतें आणि ठरविलेल्याचें फळ भोगावें लागतें. खेळांत एकदांही निवेदकास अनपेक्षित उत्तर मिळालें नाहीं, तर मूल खेळलेंच नाहीं. त्यास नुसतें खेळविलें गेलें.

कोणी शंका घेईल कीं, वेढ्याचा निकाल सर्वांस ठाऊक असतां खेळांत मौज ती कोणती? निकाल ठाऊक असतो हें खरें, आणि निवेदकानें तो बदलूंही नये. परंतु त्या दिवशीं त्या नावाड्यानें काय करावयाचें होतें, हें कोणत्याही बखरींत लिहिलेलें नाहीं. इतिहासांत सेनापतींचीं नांवें असतात. तटाखालीं चिखलांत उभ्या असलेल्या माणसाच्या मनांत काय होतें याचा विचार करण्यास असा खेळ शिकवितो. आमची सूचना अशी कीं, हेंच कथानक दोनदां खेळावें: एकदां तटाबाहेरून, आणि एकदां तटाच्या आंत वाट पाहत बसलेल्या आईच्या भूमिकेंतून. मग वैऱ्याच्या बाजूसही कोणाची तरी आई असते, हें मुलास निराळें सांगावें लागणार नाहीं.

खेळ संपल्यावर एका वहींत दोन रकाने आंखावे. एकांत इतिहासांत नमूद असलेलें लिहावें, दुसऱ्यांत आपण कल्पिलेलें. नंतर एखाद्या रविवारीं वही घेऊन किल्ल्यावर जावें, तट पाहावा, खाडीची ओहोटी पाहावी, आणि आपली होडी खरोखर कोठें रुतली असती तें दोघांनीं मिळून ठरवावें. यास साहित्य म्हणाल तर दोन फांसे, एक वही व अर्धा तास, एवढेंच लागतें. आणि त्यांपैकीं अर्धा तास हाच काय तो महाग आहे. तो पालकांनीं द्यावा, आणि मुलांनीं निःसंकोचपणें मागून घ्यावा.