छातीवरची खाज लपवू नका

भुदरगडच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ओलसर ब्रा, वरून घाम, मग स्तनाखालच्या घडीत गजकर्ण. पोरगी लाजून सांगत नाही, घरातलं कुणाचं तरी मलम गुपचूप लावते. खाज दोन दिवसांत थांबते आणि मलम सोडलं की दुप्पट येते. त्या मलमात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. ते खाज दाबतं, बुरशी मात्र पसरत राहते; कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडतात. दुकानदाराला विचारून आणलेलं मलमही यातलंच असू शकतं.

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात आणि स्तनाच्या बोंडाभोवती पुरळ आहे, घरात आणखी कुणी खाजवतंय? मग खरूज असेल. डॉक्टरांनी दिलेलं औषध सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचं. एका खोलीत सहाजण झोपतो आपण, एकटीला लावून काय होणार?

पुरळ दोन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवाच. पू, ताप, गरम लाल सूज असेल तर त्याच दिवशी. गाठ, बोंडातून रक्त किंवा पाणी, एकाच बोंडावर न भरणारी खपली, हेही थांबण्यासारखं नाही. या वयात कर्करोग फारच क्वचित, म्हणून घाबरवू नका पोरीला. रागावूही नका.

सरकारी ग्रामीण रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-औषधाला पैसे नाहीत. आईने सोबत जावं, बाई डॉक्टर किंवा सिस्टर मागावी. आणि लावलेल्या मलमाची ट्यूब, रिकामी असली तरी, बरोबर न्यावी.