आरोग्याच्या दोन पायऱ्या



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खळ्यावर भाताचे भारे रचताना माझ्या बाबांच्या हाताला लाल विंचू चावला. थोड्याच वेळात बाबा घामाने भिजले, हातपाय थंडगार पडले, दोनदा ओकारी झाली. शेजारचे एक काका म्हणाले, "विंचू उतरवणाऱ्याला बोलवा." दुसरे म्हणाले, "जीप करा न् थेट जिल्ह्याला न्या. इथल्या दवाखान्यात काय ठेवलंय?" मी रडत होते. पण आई म्हणाली, "आधी जवळचं गाठू."

चुलतभावाने मोटारसायकलवरून बाबांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, गोळी दिली आणि बाबांना तिथेच खाटेवर निजवून ठेवले. रात्री बाबांना दम लागू लागला. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, १०८ ची गाडी बोलावली आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवले. तिथे प्राणवायू लावला. चौथ्या दिवशी बाबा चालत घरी आले.

मला प्रश्न पडला, दवाखाने दोन का? आमच्या उपकेंद्रातील नर्सबाईंनी मला समजावून सांगितले ते असे:

पहिली पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्य सेवा. सपाट भागात साधारण ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे ठरले आहे. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. लसी टोचणे, गरोदर बायांची तपासणी, साधे बाळंतपण, ताप, जुलाब, खोकला, पाण्याची तपासणी ही इथली कामे. आजार होऊच नये म्हणून झटणे हेही इथलेच काम.

दुसरी पायरी म्हणजे द्वितीय स्तराची सेवा. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही त्यात येतात. ग्रामीण रुग्णालयात साधारण ३० खाटा असतात. पोट कापून करायचे बाळंतपण, शस्त्रक्रिया, एक्स-रे, तज्ज्ञ डॉक्टर यांसाठी या पायरीवर जायचे. त्याच्याही वर वैद्यकीय महाविद्यालयाची मोठी रुग्णालये आहेत.

आपली शाळा 'प्राथमिक' आहे, म्हणून ती कमी दर्जाची आहे का? नाही. ती पहिली आहे. इथे पाढे पाठ झाले तरच हायस्कुलात गणित येते. हायस्कुलात जाताना दाखला लागतो, तशीच वरच्या रुग्णालयात चिठ्ठी उपयोगी पडते. कोणते औषध किती वाजता दिले, हे तिच्यावरून तिथल्या डॉक्टरांना लगेच कळते.

आणखी एक गोष्ट ऐका. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडी गाव आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांचा अभ्यास केला. पूर्वी लाल विंचवाच्या दंशाने पुष्कळ माणसे दगावत. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी वेळेवर दिली तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली त्यांचे हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या बाबांना दिलेली गोळी तीच होती!

म्हणून पालकहो, विंचू चावला, साप चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. चावलेल्या जागी कापू नका, दोरी आवळू नका. खोकल्या-तापासाठी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या रांगेत उभे राहू नका. आणि डॉक्टर "वर न्या" म्हणाले, तर "उद्या बघू" म्हणू नका.

ते शेजारचे काका परवा नातवाला घेऊन आरोग्य केंद्राच्या रांगेत बसले होते. मला पाहून हसले.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी