पुन्हा परीक्षा द्यावी का? व्यवस्थापन प्रवेशपरीक्षेविषयी काही विचार

पदवीनंतर व्यवस्थापनशास्त्राकडे वळणारे आपले माजी विद्यार्थी निकालानंतर एकच प्रश्न विचारतात : मिळालेल्या गुणांवर प्रवेश घ्यावा, की वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यावी? यंत्रमागावर किंवा विडीकामावर चालणाऱ्या सोलापुरातील घरात थांबलेले वर्ष एकट्या विद्यार्थ्याचे नसते. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचाही त्यात वाटा असतो. म्हणून हा निर्णय हुरूप किंवा निराशा यांवर न सोडता हिशेबाने घ्यावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम निकालाचा अर्थ पाहू. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ८५ पर्सेंटाइल म्हणजे शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे ८५ जण आपल्या मागे. मधल्या पट्ट्यात परीक्षार्थींची दाटी असते. तेथे थोडे गुण वाढले तरी पर्सेंटाइल बरेच चढते. शिखराजवळ मात्र एका अंशासाठीही पुष्कळ गुण मिळवावे लागतात. म्हणून ७० वरून ८५ आणि ९८ वरून ९९ ही उद्दिष्टे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

दुसरा प्रश्न, आपण कोणते दार ठोठावत आहोत? राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे कोरा सोडलेला प्रश्न हे निव्वळ नुकसान ठरते. कॅटमध्ये तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे असतात आणि बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुण वजा होतो. शिवाय आयआयएमच्या निवडीत दहावी, बारावी व पदवीचे गुणही पाहिले जातात. ते पुन्हा परीक्षा देऊन बदलत नाहीत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : गुण गेले कोठे? घरी घड्याळ लावून सोडवलेल्या सराव प्रश्नपत्रिकांतील गुण आणि प्रत्यक्ष निकाल शेजारी शेजारी मांडावेत. सरावात सातत्याने बरेच अधिक गुण मिळत असतील, तर परीक्षेचा दिवस बिघडला होता. पुन्हा बसण्यास आधार आहे. दोन्हीकडे सारखेच गुण असतील, तर निकाल खरा आहे, आणि अभ्यासाची रीत न बदलता पुन्हा बसल्यास तोच आकडा हाती येण्याचा संभव अधिक. मराठी माध्यमातील अनेकांना तर्काचा प्रश्न कळतो, पण इंग्रजी वाचण्यातच वेळ जातो. सीईटीत भाषेचे ५० प्रश्न असले, तरी वाचनाच्या वेगाचा परिणाम सर्व २०० प्रश्नांवर होतो. गणिताची सूत्रे काही महिन्यांत पक्की होतात. वाचनाच्या वेगाला मात्र रोजचे वाचन आणि पुरेसा काळ लागतो.

दुसऱ्या प्रयत्नाचे मोठे उदाहरण आपल्यासमोर आहेच. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध १९२२ साली लंडन विद्यापीठास सादर केला. परीक्षकांनी फेरलेखन सुचविले. त्यांनी तो सुधारून पुन्हा पाठविला आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळविली. प्रबंध पुन्हा गेला तो सुधारून. जसाच्या तसा नव्हे.

शेवटी वर्षाची किंमत. शिकवणीचे शुल्क, पुण्या-मुंबईतील राहण्याचा खर्च आणि वर्षभर न मिळालेले वेतन पालकांसह कागदावर मांडावे. हाती असलेल्या जागेचे शुल्क, शिष्यवृत्ती आणि त्या महाविद्यालयातून मागील वर्षी किती जणांना नोकरी लागली, हेही शेजारी लिहावे. नोकरी करीत तयारी करणे हा तिसरा मार्गही आहे. तो संथ असला तरी घराचा आधार टिकवतो.

गुण कोठे गेले आणि या वेळी काय बदलणार, या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला चार ओळींत लिहिता आली, तर पालकांनी त्याला वर्ष जरूर द्यावे. लिहिता आली नाहीत, तर मिळालेली जागा स्वीकारावी. तीत कमीपणा नाही. तेथूनही पुढचे शिक्षण सुरू होते.