अंगणातल्या टेबलांवर गटाराचा कर?

प्रश्न : येरवड्यात माझे छोटे हॉटेल आहे. समोरच्या मोकळ्या जागेत टेबले मांडल्यास महापालिका ड्रेनेजचे पैसे वेगळे घेईल का?

उत्तर : खुर्च्या मोजून नाही. पुण्यात जलनिस्सारण लाभ कर मिळकतकराच्या बिलातच येतो आणि तो करपात्र रकमेवर ठरतो. त्यामुळे मोकळ्या जागेची व्यावसायिक आकारणी झाली, की हा करही वाढतो. मला ही पद्धत अन्यायाची वाटते. गटार तुंबते ते स्वयंपाकघरातल्या तेलकट पाण्याने, टेबलांनी नव्हे. मात्र विनापरवाना शेड उभारू नका. १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ नुसार बेकायदा बांधकामावर मिळकतकराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, आणि ती भरूनही बांधकाम नियमित होत नाही. बिलातले क्षेत्रफळ आधी तपासून घ्या.